एका सुराची मजुरी



पुण्यात उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्याख्याने ऐकण्याची चाल न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासूनची, म्हणजे १८७५ सालापासूनची आहे. अशा ठिकाणी इतिहासावर बोलायला विद्वान माणसे येतात. मी विद्वान नाही. माझी शाळा दहावीला संपली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या दारावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि नगर वाचन मंदिरातून आणलेल्या पुस्तकांवर झाले. तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करीत आलो आहे. तेव्हा मी वेतन-करारांविषयी बोलेन अशी संयोजकांची अपेक्षा होती. मी त्यांना सांगितले की बोलेन मजुरीवरच, पण एका सुराच्या मजुरीवर. संगणकात सूर साठवून ते पेटीसारखे वाजवण्याची जी युक्ती निघाली आहे, तिचा इतिहास मला सांगायचा आहे. त्या यंत्राला सॅम्पलर म्हणतात. सॅम्पल म्हणजे नमुना. नमुना कोणाचा, घेतला कोणी, आणि त्याचा मोबदला काय, एवढेच तीन प्रश्न माझ्यापुढे आहेत.

हा विषय मी का घेतला ते आधी सांगितले पाहिजे. माझे लहानपण शनिवार पेठेत, मेहुणपुऱ्यात गेले. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली स्थापन केलेले गांधर्व महाविद्यालय तिथेच आहे, त्यामुळे गाणे न शिकलेल्या माझ्यासारख्याच्या कानांवरही संध्याकाळी तानपुरा पडत असे. आमच्या वाड्यात एक व्हायोलिनवादक राहत. त्यांना आम्ही मुले काका म्हणत असू. काका आठवडाभर गिरगावात नातेवाइकांकडे राहून मुंबईत चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला वाजवीत आणि रविवारी घरी येत. शंभर माणसांच्या वाद्यवृंदात ते मागच्या रांगेत बसत. पडद्यावर त्यांचे नाव कधी आले नाही. पण पाळीचे पैसे वेळेवर मिळत, आणि वाड्यात पहिला टेलिव्हिजन त्यांच्याच घरी आला.

१९९६ साली एका रविवारी काका एक कागद घेऊन माझ्याकडे आले. मी तेव्हा संघटनेत नवा होतो आणि कायद्याची कलमे तोंडपाठ असल्याचा मला अभिमान होता. काका म्हणाले, “मला परवा एका स्टुडिओत बोलावले होते. गाणे नव्हते, साथ नव्हती. एकेक सूर वाजवा म्हणाले. आधी हळू, मग मध्यम, मग जोरात. चार मोजेपर्यंत सूर धरा आणि सोडा. सकाळभर माझ्याकडून बाराखडी गिरवून घेतली. शेवटी या पावतीवर सही घेतली. यात काही गोम आहे का, बघ.” पावतीवर एक पाळी, तिची रक्कम आणि ‘सर्व हक्कांसह’ एवढे दोन शब्द होते. मी पाहिले आणि म्हणालो, “काका, एक पाळी काम केलेत, एका पाळीचे पैसे मिळाले. तक्रारीला जागा नाही.” काका गेले. तो सल्ला चुकीचा होता, आणि तो का चुकीचा होता हे समजायला मला फार वर्षे लागली. आजचे व्याख्यान म्हणजे त्या सल्ल्याची दुरुस्ती आहे.

प्रथम यंत्र काय करते ते पाहू. यंत्र समजून न घेता यंत्राविरुद्ध ओरडण्याची खोड आम्हा संघटनावाल्यांना आहे. ती सोडली पाहिजे.

सूर म्हणजे हवेचे कंपन. सीडीसाठी ठरलेल्या मापाने संगणक त्या कंपनाची पातळी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतो आणि तेवढे आकडे ओळीने लिहून ठेवतो. पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक सेकंदाला सुमारे २६२ कंपने करते. म्हणजे एका कंपनाला सुमारे १६९ आकडे लागतात. तेच आकडे त्याच क्रमाने वाचून ध्वनिक्षेपकाला दिले की सूर ऐकू येतो. इथपर्यंत हे साधे ध्वनिमुद्रण झाले.

आता चार सेकंदांचा सूर मुद्रित केला आणि वाजवणाऱ्याला तो दहा सेकंद हवा असला, तर काय करायचे? इथे लूप येतो. लूप म्हणजे फेरा. व्हायोलिनच्या सुराचे तीन भाग पाडता येतात. गज तारेला भिडतो तो आरंभ, सूर स्थिर राहतो तो मधला भाग, आणि गज उचलल्यावर विरत जातो तो शेवट. सॅम्पलर आरंभ एकदाच वाजवतो. मग मधल्या भागातला एक तुकडा धरून, बोट पट्टीवर असेपर्यंत, रहाटगाडग्यासारखा फिरवीत राहतो. बोट उचलले की शेवट ऐकवतो. विहिरीत पाणी पोहराभरच असले तरी रहाट फिरतो आहे तोवर पाट वाहतच राहील, अशी ही करामत आहे.

पण जोड बरोबर बसला पाहिजे. तुकड्याच्या शेवटी कंपन ज्या पातळीवर आणि ज्या दिशेने जात असेल, त्याच पातळीवर आणि त्याच दिशेने ते तुकड्याच्या आरंभी असले पाहिजे. नाही तर प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज येतो. तुकडा फार लहान घेतला तर सूर कारखान्याच्या भोंग्यासारखा निर्जीव होतो. मोठा घेतला तर वादकाच्या बोटाचे आंदोलन त्यात सापडते. ते पुरे न होता मध्येच तुटले, तर सायकलचे चाक वाकडे झाल्यासारखा सूर डुगडुगतो. म्हणून कुशल माणूस आंदोलने मोजून पूर्ण फेऱ्याचा तुकडा घेतो, किंवा एका टोकाचा आवाज हळूहळू उतरवीत त्यावर दुसऱ्या टोकाचा आवाज चढवतो, म्हणजे सांधा झाकला जातो. हे कामही कसबाचे आहे हे मान्य केले पाहिजे. व्हायोलिन, बासरी, सनई, पेटी अशी धरून ठेवता येणारी वाद्ये या फेऱ्यात नीट बसतात. सतारीचा सूर छेडताक्षणी विरू लागतो, म्हणून तिथे फेरा फिरवताना आवाज कमीही करीत न्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक पट्टीसाठी वेगळा नमुना घ्यावा लागत नाही. तोच नमुना थोडा जलद वाचला की सूर चढतो, सावकाश वाचला की उतरतो. फार ओढला तर मोठ्या माणसाचा आवाज पोरासारखा होतो, पण अर्धा-एक स्वर सरकवणे खपून जाते. आता हिशेब करा. तीन सप्तके म्हणजे ३६ पट्ट्या. दर तिसऱ्या पट्टीचा नमुना घेतला तर १२ सूर. हळू, मध्यम आणि जोरात असे तीन प्रकार घेतले तर ३६ नमुने. प्रत्येक चार सेकंदांचा धरला तर १४४ सेकंद. अडीच मिनिटेसुद्धा नाहीत! माझ्या काकांनी चाळीस वर्षे घासून जो हात तयार केला होता, त्याचा उपयोगापुरता अर्क अडीच मिनिटांच्या आत बाटलीत भरता आला.

आता इतिहासाकडे वळू. माणसाचा सूर यंत्रात घालण्याचा आणि त्यातून माणसांच्या पोटापाण्याची उलथापालथ होण्याचा प्रकार संगणकाबरोबर सुरू झालेला नाही. याच शहरात, आनंदोद्भव नाट्यगृहात, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. संगीत नाटकांना आरंभी सारंगी-तबल्याची साथ असे. पुढे ऑर्गन आणि पेटी आली. पेटी मूळची पॅरिसची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला मांडी घालून वाजवण्याजोगे रूप दिले. पेटीत सूर आधीच भरून ठेवलेले असतात. सारंगीवर सूर शोधावा लागतो, पेटीवर तो सापडतो. त्यामुळे नाटक मंडळ्यांची सोय झाली, गोविंदराव टेंब्यांसारखे थोर पेटीवादक या मातीत निपजले, आणि सारंगियाची जागा आक्रसत गेली. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत पुढे कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँसाहेबांचा तबला होता, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण ते एका श्रीमंत मंडळीचे वैभव होते. गावोगावच्या मंडळ्यांचे काम पेटीवरच भागले.

यावर बंदी हा उपाय करून पाहिलेला आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपले दार बंद केले. तिच्या पट्ट्या ठरावीक, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुतींचा सूक्ष्म भेद दिसत नाही, अशी कारणे होती, आणि ती खोटी नव्हती. ही बंदी १९७१ साली सैल होईपर्यंत तीस वर्षे टिकली. त्या तीस वर्षांत पेटी बंद पडली का? मुळीच नाही. ती भजनात राहिली, तमाशात राहिली, मैफलीत राहिली. सारंगियांची संख्या काही तेवढ्याने वाढली नाही. यंत्राला दार बंद केले म्हणजे माणसाला दार उघडते असे नाही, हा या प्रकरणाचा धडा आहे.

दुसरे उदाहरण चित्रपटांचे. मूकपटाच्या काळात पडद्याखाली पेटी-तबल्याची जोडी बसत असे. १९३१ साली मुंबईत ‘आलम आरा’ लागला, १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि पडदा स्वतःच गाऊ लागला. गावोगावच्या थिएटरांतली ती जोडी उठून गेली. त्याच बोलपटाने दुसरीकडे काम दिले. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास आली, आणि केशवराव भोळे व मास्टर कृष्णराव यांच्या हाताखाली वादकांचा ताफा बसू लागला. मात्र गेलेली कामे गावोगाव विखुरलेली होती आणि आलेली कामे दोन-चार शहरांत एकवटलेली होती. ज्याची पेटी सोलापूरला बंद झाली, त्याला पुण्याच्या स्टुडिओत जागा मिळाली असे घडत नाही. ‘एकूण रोजगार वाढतो’ असे सांगणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाला मी नेहमी विचारतो की, एकूण म्हणजे कोणाचा?

याच सुमारास अमेरिकेत जे घडले ते आपल्याकडच्या कामगार चळवळीला फारसे ठाऊक नाही. तिथल्या वादकांच्या संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही तबकडीसाठी एकदा वाजवतो, ती तबकडी नभोवाणीवर आणि उपाहारगृहांत हजार वेळा वाजते, आणि आमच्याच जागी आमचीच तबकडी बसवून आम्हाला घरी पाठवले जाते. कंपन्यांनी मग केवळ गायक घेऊन, मागे वाद्यांऐवजी माणसांचेच आवाज भरून गाणी काढली, कारण गायक त्या संघटनेत नव्हते. फूट कुठे पडते ते लक्षात ठेवा. तरीही लढा टिकला. एक कंपनी १९४३ साली नमली आणि सर्वांत मोठ्या दोन १९४४ च्या नोव्हेंबरात नमल्या. तबकडीमागे ठरावीक रक्कम संघटनेच्या निधीत जमा करण्याचे ठरले, आणि त्या निधीतून वादकांना मजुरी देऊन लोकांसाठी विनामूल्य कार्यक्रम होऊ लागले. पेट्रिलोंनी तबकडी फोडली नाही. तबकडीवर हक्क सांगितला. सव्वादोन वर्षांच्या त्या बहिष्काराचे मोल मला या एका फरकात दिसते.

फेऱ्याचा जन्मही तबकडीतूनच झाला. सुई एका चरीत अडकली की तेच शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येतात, हा आपल्या सर्वांच्या घरचा अनुभव आहे. १९४८ साली पॅरिसच्या नभोवाणीवर काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी हा दोष मुद्दाम घडवून आणला आणि बंद चरीतून फिरणाऱ्या आवाजांची रचना केली. पुढे १९६३ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला मेलोट्रॉन नावाचे वाद्य निघाले. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असे, आणि त्यावर खऱ्या व्हायोलिनांचा किंवा बासरीचा सूर भरलेला असे. पट्टी दाबली की फीत धावे, सोडली की मागे ओढली जाई. मात्र फीत सुमारे आठ सेकंद पुरे. त्यानंतर सूर थांबलाच पाहिजे. तिथल्या वादकांच्या संघटनेने या वाद्याला हरकत घेतली. आज मागे पाहताना त्या आठ सेकंदांचे मला कौतुक वाटते. त्या यंत्रालाही दम घ्यावा लागत होता. पुढच्या यंत्रांना ती गरज उरली नाही.

१९७९ साली सिडनीच्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट नावाचे संगणक-वाद्य बाजारात आणले. त्याची किंमत घराएवढी होती. १९८१ साली कॅलिफोर्नियातून एम्युलेटर आला. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडण्याची ‘मिडी’ ही सामाईक भाषा ठरली. १९८० नंतरच्या दशकात जपानच्या अकाई कंपनीचे सॅम्पलर स्टुडिओतून दिसू लागले. या सर्व यंत्रांत आकडे साठवायला जागा फार थोडी असे, म्हणून फेऱ्यावाचून गत्यंतर नव्हते. १९९८ साली गिगासॅम्पलर नावाची प्रणाली आली. तिने लांबलचक नमुने थेट संगणकाच्या डिस्कवरून वाचण्याची सोय केली. २००२ साली जर्मनीतून कोन्टॅक्ट आले, आणि वेगळे यंत्र घेण्याचीही गरज राहिली नाही. खोलीभर वाद्ये आता विद्यार्थ्याच्या दप्तरात मावतात.

आता मुंबईत काय झाले ते पाहू. चित्रपटसंगीताचा मोठा वाद्यवृंद ही मुंबईने उभी केलेली एक कामगार वस्तीच होती. तिच्यात गोव्याचे वादक फार. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकून आलेली ही माणसे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्या रचनांची वाद्ययोजना करणारे सेबॅस्टियन डिसूझा, ही त्यांतली जाणकारांना ठाऊक असलेली नावे. शेकडो नावे तेवढीही ठाऊक नाहीत. वादकांची संघटना होती, प्रतवारी होती, पाळीचा दर ठरलेला होता. कारखान्यातल्या माणसाला हेवा वाटावा अशी ती व्यवस्था होती. १९७० नंतर केरसी लॉर्ड यांच्यासारख्या जाणत्या वादकाने विजेवरची नवी वाद्ये मुंबईत आणली. तोवर ती वाद्यवृंदात भर घालीत होती. पुढे वीस वर्षांत चित्र पालटले. १९९२ च्या ‘रोजा’पासून घराशेजारच्या छोट्या स्टुडिओत, थरावर थर चढवून गाणे तयार करण्याची रीत सर्वत्र पसरली. दशक संपण्याच्या आत शंभर माणसांनी एकत्र बसून वाजवणे ही रोजची गोष्ट न राहता प्रसंगाची झाली.

इथे मला संघटनेची चूकही सांगितली पाहिजे. ती एका संघटनेची नसून आम्हा सर्वांच्या विचारपद्धतीची आहे. आम्ही दर मागितला तो पाळीचा. पाळी म्हणजे वेळ. कापडगिरणीत ते योग्य होते, कारण कामगार घरी गेला की त्याचा माग त्याच्या हातांवाचून चालत नसे. पण नमुना दिलेला वादक घरी गेला तरी त्याचा सूर पाळीवरच राहतो. तो दिवसपाळी करतो, रात्रपाळी करतो, एकाच वेळी हजार ठिकाणी करतो, आणि हजेरीपटावर त्याचे नाव नसते. काकांना मी म्हणालो होतो, एका पाळीचे काम केलेत. ते असत्य होते. त्यांनी एका सकाळी सगळ्या पुढच्या पाळ्या सही करून दिल्या होत्या.

मग यंत्र वाईट का? काका २०११ साली वारले. त्यांची नात त्याच भागात राहते आणि महाविद्यालयीन मुलांच्या एकांकिकांना पार्श्वसंगीत देते. पुरुषोत्तम करंडकासाठी धडपडणाऱ्या मुलांकडे व्हायोलिनवादक बोलवायला पैसे नसतात, हे आपल्याला माहीत आहे. गेल्या वर्षी तिने मला घरी बोलावले आणि म्हणाली, “काका, हे ऐका.” आजोबांच्या रियाजाची एकच कॅसेट घरात उरली होती. तिच्यातून तिने एकेक सूर कापून काढला, त्याचे फेरे बांधले, आणि लहानशा पट्ट्यांच्या वाद्यावर ते मांडले. मगाशी सांगितलेला सांध्यांचा सगळा खटाटोप मला तिनेच दाखवला. कॅसेटची खरखरही फेऱ्यात सापडून घरघर करीत होती, ती घालवायला तिला आठ दिवस लागले. गंधाराच्या आरंभी गज किंचित कचरतो, तेवढे मात्र तिने मुद्दाम ठेवले होते. ती वाजवू लागली आणि माझ्या डोळ्यांपुढे वाड्यातला रविवार उभा राहिला.

तेच यंत्र, तीच युक्ती, त्याच माणसाचा सूर. एके ठिकाणी मला तो वारसा वाटला आणि दुसरीकडे वरकड कमाई. यंत्रात काडीचाही फरक नाही. फरक हक्कात आहे. नात आजोबांची वारस आहे आणि त्यांचे नाव सांगून वाजवते. त्या पावतीने काकांचे नावही घेतले आणि वाटाही घेतला.

हीच गोष्ट तानपुऱ्याची. मिरजेला एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब वाद्ये करू लागले. शस्त्रांचा धंदा बसला तेव्हा त्या हातांनी भोपळा आणि तार धरली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे मिरजेत येतात आणि तिथे तानपुरे होतात. १९७९ च्या सुमारास बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी विजेवरचा श्रुतीचा स्वर तयार केला. त्यातून पुढे विजेचा तानपुरा निघाला, आणि आता दूरध्वनीवर खऱ्या तानपुऱ्याचे नमुने फेऱ्यात फिरतात. एकट्याने शहरात राहून रियाज करणाऱ्या मुलामुलींची त्याने मोठी सोय केली. पण गुरूच्या मागे तानपुरा धरून बसणाऱ्या शिष्याची जागा त्याने रिकामी केली, आणि त्या जागेवर बसूनच पूर्वी गाणे कानात मुरत असे. सोय आणि हानी एकाच खात्यात मांडायला शिकले पाहिजे.

आता कायदा. आपला लेखाधिकाराचा कायदा १९५७ चा. त्यात गायक-वादकांना सादरकर्ता म्हणून हक्क मिळाला तो १९९४ च्या दुरुस्तीने, म्हणजे सदतीस वर्षांनी. २०१२ च्या दुरुस्तीने तो बळकट झाला. सादरीकरणाचा व्यापारी उपयोग झाल्यास सादरकर्त्याला मानधनाचा वाटा आहे, आणि आपले नाव लावून घेण्याचाही त्याला हक्क आहे. २०१३ साली गायकांनी आपली संस्था नोंदवून वसुली सुरू केली. पुढे त्या संस्थेत वादकही आले. पण सुटा एक सूर हे सादरीकरण आहे की कच्चा माल, हा वाद घालण्याजोगा मुद्दा आहे, आणि पावतीवर ‘सर्व हक्कांसह’ लिहून घेणाऱ्याला त्या संदिग्धतेचा फायदा मिळतो. बाजारात अशा नमुन्यांच्या संचावर ‘रॉयल्टीमुक्त’ असे ठळक छापलेले असते. कोणी कोणाला मुक्त केले, हे छापलेले नसते.

२०२४ साली दोन गोष्टी घडल्या. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे मिरजेचे नाव दुसऱ्या कोणी आपल्या मालाला लावू नये अशी सोय झाली. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करणाऱ्यांना अंतरिम मनाई केली. मला दोन्हींचा आनंद झाला. परंतु माझ्या मनात आले की, घडवलेल्या वाद्याच्या नावाला संरक्षण मिळाले, प्रसिद्ध गळ्याला संरक्षण मिळाले, आणि या दोहोंच्या मध्ये जो हात वाद्य धरून गळ्याला साथ करतो, त्याचे काय? मागच्या रांगेतल्या बिननावाच्या व्हायोलिनवादकाने आपल्या गंधारासाठी कोणत्या न्यायालयात जावे? आता तर शिकणारी यंत्रे आली आहेत. त्यांना एकेक सूर मागावाही लागत नाही, वाजवलेले सगळेच ती गिळतात. म्हणून हा प्रश्न आता केवळ वादकांचा राहिलेला नाही. ज्याच्या हाताचे, आवाजाचे, चालण्या-बोलण्याचे नमुने घेतले जातील, त्या प्रत्येकाचा तो आहे.

केवळ प्रश्न टाकून खाली बसणे संघटकाला शोभत नाही. माझ्या मागण्या चार आहेत. पहिली, नमुन्यासाठी वाजवून घेणे हे वेगळे काम मानून त्याचा वेगळा लेखी करार व्हावा. पाळीच्या पावतीत ते गुंडाळू नये. दुसरी, संच विकला जाईल तोवर वादकाचा वाटा चालू राहावा. हे अशक्य नाही. लंडनच्या स्पिटफायर ऑडिओ या कंपनीने वादकांना विक्रीतला वाटा देण्याची रीत ठेवली आहे, आणि तेवढ्याने तिचा धंदा बुडालेला नाही. तिसरी, संचावर वादकाचे नाव असावे. चौथी, ज्यांचे सूर आधीच भरून घेतले गेले आणि कोणाचा कोणता हे आता सांगता येत नाही, त्यांच्यासाठी पेट्रिलोंच्या धर्तीवर सामाईक निधी असावा, आणि त्यातून हयात म्हाताऱ्या वादकांना काम मिळावे. दान म्हणून नव्हे, वाजवण्याचे काम.

काकांच्या नातीने मला तिच्या वाद्यावर एक सूर वाजवायला सांगितले. मला वाजवता येत नाही. मी एक पट्टी दाबून धरली. सूर निघाला आणि चालू राहिला. चार सेकंद झाले, दहा झाले, अर्धे मिनिट झाले. मी बोट उचलले नाही तर तो कधीच थांबणार नव्हता. माझ्या लक्षात आले की काका हयात असते तर इतका वेळ त्यांचा हात दुखला असता, आणि पाळी संपल्यावर त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवून दिले असते. त्यांच्या हाताला थांबण्याचा हक्क होता, तो आमच्या आधीच्या पिढीने लढून मिळवला. त्यांच्या सुराचा हक्क मिळवणे आमच्या पिढीच्या वाट्याला आले होते. मी तो कागद वाचून परत केला. पुन्हा कोणी असा कागद घेऊन माझ्या दारी आला, तर मी त्याला बसायला सांगेन आणि कागद शेवटच्या शब्दापर्यंत त्याच्याबरोबर वाचेन.